टेलिफोन मैत्रेयीच्या नावे

मी, वेणीमाधव नीलकंठ आष्टेकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा तीर्थपुरोहित, राहणार ब्रह्माघाट, वाराणसी, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टर विद्युल्लताबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. शरीर मात्र थकले आहे, आणि घरात इंटरनेट आल्यापासून जरा जास्तच.

१. घरातील माझा हिस्सा व बँकेतील शिल्लक एकुलता मुलगा विश्वेश यास मिळावी. तो कॉलेजात शिकवतो. घाटावर बसणार नाही हे मी केव्हाच मान्य केले. पूजेची भांडी देवघरातच राहावीत. घाटावरची माझी छत्री ज्याला ऊन सोसत नाही त्याने न्यावी.

२. टेलिफोन सून मैत्रेयी हिच्या नावे करावा. त्यावर विश्वेशने हरकत घेऊ नये. मी अर्ज केला तेव्हा विश्वेशची मुंज व्हायची होती. फोन आला तो त्याच्या लग्नात. हा नंबर सातारा-सोलापूरकडच्या कित्येक घरांत देवघराच्या भिंतीवर लिहिलेला आहे. माणूस गेले की ते लोक इथे फोन करतात. मैत्रेयी आधी त्यांचे रडणे ऐकून घेते, मग गाडी केव्हा पोचते ते विचारते. एवढे कोणी तिला शिकवले नाही.

३. कॉम्प्युटर व त्याचा तो किंचाळणारा मोडेम विश्वेशचा. मला नको आणि मागेही ठेवायचा नाही. कारण लिहितो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

गेल्या आषाढात माझा धाकटा भाऊ नरहर वाईला वारला. बहीण शरदिनी बूथवरून फोन लावत राहिली. इथे विश्वेश ई-मेलचा पासवर्ड विसरला होता आणि ई-मेलची पेटी उघडण्याच्या खटपटीत लाइन अडकवून बसला होता; मोडेम याच टेलिफोनच्या तारेवर चालतो, तो चालू असला की बाहेरच्याला फोन एंगेज लागतो. शेजारचा बिंदुमाधव बँकेत कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून गल्लीभर त्याचा सल्ला चालतो. तो सांगे, “काका, काळजी करू नका. बंद करून परत चालू करा, सब ठीक होऊन जातं.” तिकडे वाईच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याने शरदिनीला सल्ला दिला, तार कशाला, ई-मेल लवकर पोचतो. पोचला खरा. त्याच बंद पेटीत जाऊन पडला.

पेटी उघडली त्या सकाळी मी दशाश्वमेधावर एका यजमानांकडून पिंड देववत होतो. विश्वेश पायऱ्या उतरून आला आणि म्हणाला, “बाबा, नरहरकाका गेले. कधीच गेले.” घरात सुतक आणि मी दुसऱ्याच्या घरचे मंत्र म्हणत होतो. यजमान म्हणाले, “गुरुजी, तुम्हाला ठाऊकच नव्हतं, दोष नाही.” हेच वाक्य मी जन्मभर लोकांना सांगत आलो. आपल्यावर आले तेव्हा त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

पुढे तिच्या घरी फोन बसल्यावर शरदिनी त्यावरून म्हणाली, “दादा, सारखा एंगेज. मला वाटलं, एवढं कुणाशी बोलतोयस? मग लावणंच सोडलं.” मी कुणाशीच बोलत नव्हतो गं. हे मी तिला सांगितले, पण ते तिला पटले असेल असे वाटत नाही.

४. विश्वेशवर माझा राग होता, तो आता नाही. राग धरायलाही ताकद लागते. इंटरनेट त्याने मैत्रेयीला विचारूनच लावावे. बिंदुमाधवला मी काहीही देत नाही. त्याने साक्षीदार म्हणून सही करावी, सल्ला देऊ नये.

५. माझा प्राण गेल्यावर प्रथम मोडेमची वायर काढावी. मणिकर्णिकेची तयारी नंतर. फोन मैत्रेयीचा असला तरी पहिला फोन विश्वेशने स्वतः शरदिनीला लावावा. ई-मेल करू नये. एंगेज लागला तर पुन्हा लावावा, उचलेपर्यंत लावावा. “आत्या, बाबा गेले,” एवढे तिला घरच्या माणसाच्या तोंडून कळावे. त्याआधी मला उचलू नये.

हे वाचून दाखवताना विश्वेश समोर बसला होता. शेवटचे कलम ऐकून उठला, मोडेमची वायर काढली, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “बाबा, आत्याला आजच लावू या.” रिंग वाजते आहे. सही नंतर करतो.

वेणीमाधव नीलकंठ आष्टेकर
(सही बोलणे झाल्यावर केली.)

साक्षीदार: डॉ. विद्युल्लता पराडकर, बिंदुमाधव सप्रे
स्थळ: ब्रह्माघाट, वाराणसी
दिनांक: ९ डिसेंबर १९९९