चौथी चिप

२ नोव्हेंबर २०१९, शनिवार
ओकिमोतोचा लेख आजही झाला नाही. क्योतोच्या विद्यापीठात जुने गेम जपून ठेवायचं काम करतो हा. गेमच्या चिपा बसवलेली कार्ट्रिज गेली नि सीडी आली, त्या सालावर दोन पानं हवीत त्याला. "निशिवाकी-सान, तुम्ही तिथे होतात. सांगा ना कसं वाटलं!"

कसं वाटणार? चौऱ्याण्णव साली ओसाकाच्या निप्पोनबाशीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण. चित्रं माझी, एकेक ठिपका भरून काढलेली. बाकी डोकं हातानो-सानचं. वर्षभर खपून न्हाणीघर चालवणाऱ्या ढेरपोट्या तानुकीचा, लोककथांतल्या त्या रानकुत्र्याचा, गेम केला. डिसेंबरात हातानो-सान एकटेच प्रकाशकाला दाखवायला टोकियोला गेले. परत येऊन एवढंच म्हणाले, "कार्ट्रिजचे दिवस सरले म्हणे. नको झालाय."

लिहिलं: त्या वर्षाने आमचा गेम गिळला. वाक्य बरं जमलंय.

४ नोव्हेंबर
हातानो-सानच्या बायकोचा, कायोको-सानचा फोन. हातानो-सान जाऊन सहा महिने झाले, आता कुठे त्यांचे कप्पे आवरतायत. "एक हिरवी पट्टी सापडलीय, वर चार चिपा. टाकून देऊ?"

टोकियोला नेलेली पट्टी! गेमची दुसरी प्रत कुठेच नाही. "हातसुद्धा लावू नका," मी जवळजवळ ओरडलेच.

९ नोव्हेंबर, शनिवार
साकाईला त्यांच्या घरी जाऊन आले. कायोको-साननी फळं कापून ठेवली होती. "अजून तशाच काटकुळ्या! जेवता की नुसती चित्रंच काढता?"

प्रत्येक चिपेला काचेची इवलीशी खिडकी, तिच्यावर लेबल. लेबल निघालं की उजेड शिरतो, आतलं हळूहळू पुसतं. ऑफिसात शिस्तच होती — लेबल असेल तर हात लावायचा नाही, खिडकी उघडी असेल तर जांभळ्या दिव्याच्या पेटीत टाकायची, कोरी करून पुन्हा वापरायची. तीन लेबलांवर हातानो-सानचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर. चौथं माझं, कोपऱ्यात तानुकीसकट.

एक विचारायचंच होतं, विचारलं. पुढच्याच वसंतात नोकरी सोडून हातानो-सान सायकलच्या कारखान्यात का गेले? मला साधं नववर्षाचं पत्रही का धाडलं नाही?

"दातेरी चाकं खोटं बोलायला लावत नाहीत, म्हणायचे." मग त्या चहा करायला उठल्या.

खोटं? कसलं?

१३ नोव्हेंबर
ओकिमोतोने चिपा वाचल्या. तीन शाबूत. चौथी रिकामी — चित्रांची!

त्याने तसाच गेम चालवला. संगीत वाजतं, न्हाणीघराचं दार सरकतं, पाणी सांडल्याचा आवाज येतो. पडदा काळा. वर्षभराचं माझं काम, आणि एक ठिपका नाही.

"वयाने पुसली असती तर इथेतिथे भोकं पडली असती," ओकिमोतो म्हणाला. "ही सगळीकडून सारखी कोरी आहे. दिव्याखालीच गेलेली."

१४ नोव्हेंबर
आठवलं. सकाळी दात घासताना.

हातानो-सान टोकियोला जायच्या आदल्या दिवशी चौथं लेबल मीच सोलून काढलं होतं. हातानो-सानचं अक्षर बघून प्रकाशक काय म्हणेल, म्हणून. तेवढ्यात फोन आला. परत आले तर चिप टेबलावर नाही. उघडी खिडकी बघून कुणीतरी शिस्तीप्रमाणे पेटीत टाकलेली. मी काढून घेतली. दिवा बंद होता, म्हणून निश्चिंत झाले. आधी लागून विझला होता का, हे मनातही आलं नाही. वर नवं लेबल लावलं. सुबक.

म्हणजे मीच. पण टोकियोचा नकार तर कार्ट्रिजला होता. चित्रं दिसली नसती तर हातानो-सान बोलले नसते का?

की म्हणूनच बोलले नाहीत?

१७ नोव्हेंबर, रविवार
कायोको-सानना फोन करून सरळ विचारलं.

"त्यांनी शपथ घातली होती. पण आता तेच नाहीत. टोकियोवाले कार्ट्रिज घ्यायला तयार होते हो, निशिवाकी-सान. फक्त पडद्यावर काही दिसेना. घरी आल्यावर मला म्हणाले, वर्षाच्या नावावर खपवतो. तिला कळलं तर ती पुन्हा चित्र काढायची नाही."

पंचवीस वर्षं काढतेय मी चित्रं.