सात पंचवीसचा दोष

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार

परत गेलं! चार चालींत मात होती. वजीर माझा जिवंत, हत्ती जिवंत, समोर पोलंडचा कोणीतरी गडी चांगला कोंडीत सापडलेला — आणि मोडेमचा दुसरा दिवा लुकलुकायला लागला. तीन मिनिटांनी नेट आलं, तर पडद्यावर लिहिलेलं: तुम्ही डाव सोडलात, प्रतिस्पर्धी विजयी.

मी डाव सोडला? बत्तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात माल तपासला, एक शिफ्ट अर्धवट टाकून घरी आलो नाही. घरातलं वायरिंगसुद्धा मी स्वतः नीट करून घेतलंय. टेलिफोनवाल्याने हॉलमध्ये नुसता वायरींचा गुंता करून ठेवला होता. मी फोन उचलून आतल्या खोलीत नेला, जोड काढला, टेप मारली. दोष बाहेरचाच आहे.

प्रतिभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "हरलात वाटतं." बायकांना कसं कळतं देव जाणे.

२० नोव्हेंबर

या वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला. तारीख, वेळ, किती मिनिटं. आधी नोंद, मग संशय — नव्या पोरांना मी हेच शिकवायचो. आज ७.२५.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

७.२२, ७.२९, ७.२६. सकाळी नाही, दुपारी नाही. संध्याकाळी एकदाच. कारखान्यात एकदा दुसऱ्या पाळीतच शाफ्ट वाकडे निघायचे. महिन्याने कळलं, शेजारचा प्रेस त्याच वेळी चालू व्हायचा. म्हणजे या इमारतीत साडेसातच्या सुमाराला काहीतरी चालू होतंय. पाण्याची मोटर? तळमजल्यावरची पिठाची गिरणी?

२५ नोव्हेंबर

शनिवार-रविवार दोष रजेवर. दिवाळीतही चार दिवस नेट गेलं नव्हतं, आत्ता आठवलं. गिरणी मात्र रविवारी चालू असते. गिरणी सुटली.

२७ नोव्हेंबर

मिक्सरवर संशय घेतला. प्रतिभा त्याच वेळी चटणी वाटते. म्हटलं, आज मिक्सर लावू नकोस. तिने माळ्यावरचा पाटा काढायला लावला. ७.२४ ला नेट गेलंच.

"रोग रेड्याला अन् औषध पखालीला," ती वाटता वाटता म्हणाली. चटणी जाडसर राहिली होती. चांगली झाली म्हणालो. तेवढीच माफी मागता येते मला.

२९ नोव्हेंबर

तक्रारीच्या नंबरवर प्रतिभाच्या मोबाइलवरून फोन केला. "सर, मोडेम बंद करून पुन्हा चालू करा." म्हटलं, बाई, तो स्वतःच रोज बंद होऊन चालू होतोय, तीच तक्रार आहे. हसली. मुलगी गोड बोलत होती. आमच्या भाग्यश्रीएवढी असेल. पुढे चिडता आलं नाही.

२ डिसेंबर, रविवार

देवळ्याहून मेहुणा आला होता, भारत. कांद्याची गोणी टाकली, जेवला, निघाला. जिना उतरताना प्रतिभाने हाक मारली, "पोचल्यावर रिंग दे." तो म्हणाला, "ताई, आता कुठल्या रिंगा, मोबाइल हाय ना."

आमच्या घरातला तो कायदा माझाच. भाग्यश्री पुण्याला कॉलेजात गेली तेव्हा केला. एसटीडीचे पैसे कशाला घालवायचे? खोलीवर पोचलं की बूथवरून घरी दोन रिंगा, मग ठेवून द्यायचं. इकडून उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे पोचले. त्या वाजेपर्यंत मी ताटावर बसत नसे. नोकरी लागली, हातात मोबाइल आला, तरी रोज ऑफिसातून खोलीवर आली की तिच्या दोन रिंगा यायच्या. प्रतिभा म्हणायची, अहो, आता बोललं तरी चालेल की. पण बापलेकीची सवय झाली होती.

जूनपासून ते सगळं बंद आहे.

५ डिसेंबर

काल नाही, आज नाही. नेट गेलं नाही. काही दुरुस्ती न करता दोष जातो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

प्रतिभा गॅलरीत जाऊन मोबाइलवर हळू आवाजात बोलत होती. "ताप किती आहे? आणि जवळ कोण आहे तुझ्या?" मला ऐकू येत नाही असं ती समजते, आणि येत नाही असं मी दाखवतो. सहा महिने आमचं असंच चाललंय. विचारायला उठलो होतो. पाणी पिऊन परत बसलो. घोडा फुकट गेला.

७ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस नेट एकदम ठणठणीत. चार डाव खेळलो, तीन हरलो. लक्ष नाही.

"उतरला ताप. सोमवारी कामावर जाणार आहे," प्रतिभा कपड्यांच्या घड्या करताना म्हणाली. मला नाही, भिंतीला सांगितलं. भिंतीने हुं म्हटलं.

१० डिसेंबर, सोमवार

७.२७. परत सुरू. खरं सांगायचं तर बरं वाटलं. का, ते कळलं नाही.

११ डिसेंबर

लिहीन-लिहीन म्हणून सहा महिने टाळलं. आज लिहितो.

दहा जूनला भाग्यश्रीचा साखरपुडा होता. पिंपळगाव बसवंतचं घर, द्राक्षबागा, कोल्ड स्टोरेज, मुलगा कृषी पदवीधर. स्थळ मी आणलं होतं. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "अण्णा, मला नाही करायचं. नोकरी सोडायची अट तुम्ही मान्य केलीत. मला विचारलं नाहीत." पाहुण्यांना कळवून झालं होतं, हॉल घेतला होता. मी म्हणालो, मांडलेला डाव अर्ध्यावर सोडणारी माणसं मला आवडत नाहीत. ती म्हणाली, "डाव तुम्ही मांडलात."

बॅग घेऊन ती निघाली. प्रतिभा जिन्यात रडत होती. भाग्यश्री सवयीने म्हणाली, "पोचल्यावर रिंग देते." आणि मी म्हणालो — हे अक्षर न अक्षर मला पाठ आहे — "पोचलीस काय अन् न पोचलीस काय, मला कळवू नकोस."

पोटच्या पोरीला असं बोलतं का कोणी? मी बोललो. त्याच रात्री पिंपळगावहून फोनवर फोन सुरू झाले. मी फोनची बेल बंद करून टाकली. ती आजतागायत बंदच आहे.

१३ डिसेंबर, गुरुवार

शेवटी दुपारी लाइनमन आला. झुंबर नाव, घोटीकडचा, चाळिशीचा. मी तक्ता पुढे केला. त्याने मान डोलावली. "लय भारी लिवलंय साहेब. पण फोन कुठं हाय तुमचा?"

आतल्या खोलीत नेलं. भाग्यश्रीची खोली. फोन टेबलावर पालथा. झुंबरने माझी टेप बघितली आणि गालात हसला.

"ही गाठ कोणी मारली?"

मी म्हणालो, मी.

"साहेब, ती छोटी पांढरी डबी दिली होती ना, तिच्यातून फोन जायला पाहिजे. तुम्ही तिच्या आधीच जोडलाय. फोनवर रिंग आली का नेट पडणार. काखेत कळसा अन् गावाला वळसा झाला तुमचा."

म्हणालो, अहो, आमच्याकडे कोणाचा फोनच येत नाही. त्याने त्याच्या मोबाइलवरून नंबर फिरवला. फोन गप्प. हॉलमध्ये मोडेमचा दुसरा दिवा लुकलुकायला लागला. मग त्याने फोन उलटा करून बेलचं बटण सरकवलं. "येतो ना साहेब. रोज येतो. तुम्हाला ऐकू येत नाय एवढंच."

तो डबी जोडून गेला. मी तक्ता घेऊन तिच्या खाटेवर बसलो. कामाच्या दिवशी सात-वीस ते सात-तीस. शनिवार-रविवारी नाही. दिवाळीत नाही. ताप होता ते चार दिवस नाही. तापातून उठून कामावर गेली त्या सोमवारी ७.२७. आणखी काय पुरावा पाहिजे?

रोज कळवत होती. मी नको म्हणालो तरी रोज. जूनपासून. तिला वाटत असणार, अण्णा ऐकताहेत. आणि अण्णा इकडे शिव्या घालत होते. लाज वाटली. आणि इतका आनंद झाला की लिहिता येत नाही.

फोन परत हॉलमध्ये आणून ठेवला. ७.२३ ला वाजला. दोनदा. पिठाचे हात घेऊन प्रतिभा दारात आली, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही जेवायला बसलो.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आज पट मांडला नाही. ७.२६ ला वाजला, पहिल्याच रिंगला उचलला. दिवसभर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. एवढंच निघालं — "पोचलीस का गं?"

पलीकडून ती म्हणाली, "अण्णा, उचलायचा नसतो ना."