नथीचा तपास

मी, सौ. सुमती कृष्णकांत हुपरीकर, वय सत्तेचाळीस, शाळेत ग्रंथपाल, राहणार नवीन पनवेल, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. येत्या बारा तारखेला माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तरी काही गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट यजमानांच्या व माझ्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा त्यांना, त्यांच्यानंतर मुलगी रेवा हिला.

२. पोस्टातली बचत रेवाला. तिने त्यातून स्कूटर घेऊ नये. घेतलीच तर हायवेवर नेऊ नये.

३. धाकटे दीर इंद्रजीत यांना माझा मिक्सर. "वहिनी, तुम्ही तिकडे टीव्हीवर साहेबाचे खून बघता आणि इकडे आमचं वरण करपतं," असे ते पाहुण्यांसमोर म्हणाले होते. मी महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. वरण खरोखरच करपले होते.

४. केबलवर लागणाऱ्या त्या जुन्या इंग्लिश गुप्तहेराच्या मालिकेच्या मी भरून ठेवलेल्या एकवीस कॅसेट रेवाला. ती विचारते, "आई, खुनी कोण ते तुला पाठ आहे, मग परत परत काय बघतेस?" उत्तर इथे देते. तो गुप्तहेर कोणाला तुच्छ लेखत नाही. मोलकरणीशीही टोपी काढून बोलतो. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि ज्यांच्यावर उगाच संशय आला त्यांना आधी मोकळे करतो. खुन्याचे नाव त्यानंतर. ते बघून मला दर वेळी बरे वाटते. तसे वाटण्याचा मला हक्क नाही. का, ते पुढे लिहिले आहे.

५. सासूबाईंची मोत्यांची नथ भामा, राहणार शिरढोणच्या पुढची वाडी, हिला द्यावी.

भामा आमच्याकडे धुणीभांडी करत असे. १९९३ साली गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नथ कपाटात सापडेना. कपाटाच्या मुठीवर मला कुंकवाचे बोट दिसले. गौरीपुढचे पाट भामाने पुसले होते. त्याच आठवड्यात तिने घरावर नवे पत्रे घातले होते. मला एवढे पुरले. जिन्यातल्या सहा बायकांना मी चहाला बोलावले, भामाला मध्ये उभे केले आणि एकेक पुरावा सांगत गेले. अगदी शांत आवाजात. मनात कुठेतरी मला मजा येत होती, हेही लिहिते.

भामा म्हणाली, "ताई, देवीच्या अंगावरचं आमी घेनार नाय. तुमच्या देवीलाच इचारा."

सहाही घरांनी तिला काढले. ती वीटभट्टीवर जाऊ लागली.

पुढच्या वर्षी गौरींचा डबा उघडला, तर थोरल्या गौरीच्या मुखवट्याला नथ तशीच होती. विसर्जनाच्या संध्याकाळी मालिका लागायची वेळ झाली, म्हणून दागिने न उतरवताच मी मुखवटे जुन्या साडीत गुंडाळून डब्यात घातले आणि डबा माळ्यावर टाकला होता. मुठीवरचे बोटही माझेच असणार.

तीन वर्षे मी हे यजमानांनाही सांगितलेले नाही. कोणी विचारले तर नथ नवीन केली म्हणते. हे कलम माझ्या पश्चात त्याच बायकांसमोर वाचावे.

६. हे कलम मागाहून घातले आहे. साक्षीसाठी शेजारच्या आशालताताईंना कागद वाचायला दिला. त्या सहांपैकी त्या एक. वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुझ्या पश्चात म्हणजे भामा काय बोलेल ते ऐकायला तू नसणार. सोय चांगली केलीस." मग म्हणाल्या, "मीही काढलंच की तिला. चल, मी येते."

काल आम्ही दोघी रिक्षाने वाडीवर गेलो. भामा अंगणात लाकडे फोडत होती. मी सगळे सांगितले. तिने कुऱ्हाड खाली ठेवली नाही. मी नथ पुढे केली.

"ही घिऊन मी काय करू? लोक बोलतील, बगा, हिच्याकडंच व्हती."

मला हे सुचले नव्हते.

"चोरटी बोललात ती समद्यांसमोर," ती म्हणाली. "चोरी नाय केली ते पन समद्यांसमोर बोला. मी येईन ऐकाया."

म्हणून कलम पाचमधील नथीची देणगी व शेवटचे वाक्य रद्द. खाली काय होते ते वाचता यावे म्हणून एकच रेघ ओढली आहे. येत्या रविवारी, नऊ तारखेला, दुपारी चार वाजता सहाही जणींना घरी बोलावले आहे. यजमान आणि रेवाही असतील. बोलताना माझा आवाज गेला, तर पुढचे आशालताताईंनी या कागदावरून वाचावे. मला मात्र खोलीतून उठून जाऊ देऊ नये.

सही: सुमती कृष्णकांत हुपरीकर
(खोडाखोड माझीच. सु. कृ. हु.)

आमच्यासमोर सही केली:
१. आशालता मोकाशी, शेजारी
२. काशीराम ठोंबरे, सोसायटीचे चिटणीस

नवीन पनवेल, बुधवार, ५ नोव्हेंबर १९९७