वरची रांग

१४ ऑक्टोबर १९७६

पोचलो एकदाचा! हेलिकॉप्टरनं मला, पिठाच्या चार गोण्या, साखर, चहा, तंबाखू आणि ऐंशी लोखंडी सापळे नदीकाठच्या वाळूवर उतरवले आणि मी नीट हात हलवायच्या आत उडूनसुद्धा गेलं. आता मार्चपर्यंत इथला राजा मीच. कापितोन खुकोचार, वय चौतीस, कालपर्यंत कुंदालच्या कोल्ह्यांच्या फार्मवर नोकर.

खोपटं अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं आहे. फटींतलं जुनं शेवाळ काढून नवं ठासलं. खिडकी एकच, पण नदीकडं बघते. शेगडी पेटवली तशा छताच्या खाचांत झोपलेल्या माश्या जाग्या होऊन गुणगुणायला लागल्या. त्यांना वाटलं असेल वसंत आला. संध्याकाळपर्यंत हसत होतो.

फार्मवर नऊ वर्षं काढली. नोव्हेंबर लागला की रोज साठ-सत्तर चंदेरी कोल्हे मारायचे. विजेच्या तारा लावायच्या, बटण दाबायचं. बटण माझ्याकडं होतं. रानात निदान जनावर मोकळं असतं, त्याला एक संधी असते, असं मी निघताना बायकोला सांगितलं. लुकेर्या म्हणाली, जनावराला विचारलंस का?

तिचं असंच असतं.

२१ ऑक्टोबर

पहिली पाहुणी. डोंगरापलीकडच्या रानात आगाफ्या चापोगीर सापळे लावते. दीड दिवसाची वाट आहे. एकसष्ट वर्षांची बाई, पण चढावर मला मागं टाकते. सोबत चिरका नावाची करडी कुत्री. आल्या आल्या माझी पाठ थोपटून म्हणाली, कोल्ह्यांना चमच्यानं भरवणारा तो तूच का रे? मी मावशी म्हणायला लागलो तर म्हणाली, म्हण बाबा, भाच्यांना शिव्या देता येतात.

आणि दिल्याही. माझे लोखंडी सापळे बघून तोंड वाकडं केलं. ती स्वतः ओंडक्यांचे सापळे लावते. वर जड ओंडका, खाली पक्ष्याच्या पंखाचं आमिष. सेबल म्हणजे मुंगसाएवढं जनावर, फर सोन्याच्या भावाची; त्यानं पंख ओढला की ओंडका मानेवर, खेळ खलास. लोखंडात पाय सापडतो आणि जनावर तुझी वाट बघत बसतं, म्हणाली. मी म्हटलं, एक ओंडका बसवायला अर्धा दिवस जातो, लोखंड दोन मिनिटांत लागतं. त्यावर ती म्हणाली, मग दर तिसऱ्या दिवशी तिथं पोचायचं. थंडी असो, ताप असो, तुझं लग्न असो. आणि जिवंत सापडलं तर तिथल्या तिथं संपवायचं. पाठ फिरवायची नाही.

माझ्याआधीचे दोघं शिकारी इथं का टिकले नाहीत, हेही विचारलं. तिनं चिरकाच्या कानातला बर्फ काढत सांगितलं, आळशी होते मेले.

९ नोव्हेंबर

काम लागलं मार्गाला. दोन रांगा केल्यात. खालची नदीकाठानं, पन्नास सापळ्यांची. वरची डोंगराच्या धारेवरून, तीस सापळ्यांची. वरचीला जाऊन यायला आख्खा दिवस लागतो, आणि दिवस तरी केवढा, पाच तासांचा. आतापर्यंत अकरा सेबल. त्यातलं एक तर असं काळंभोर की खिडकीशी धरून कितीतरी वेळ नुसती फुंकर मारून केस फिरवत बसलो.

चौघं जिवंत होते. काठीनं नाकावर एकच घाव. जमलं. फार्मवर असं तोंडासमोर उभं राहावं लागत नव्हतं.

रोज सकाळी आठला रेडिओवर बोलणं, मावशीही त्यावर भेटते. पलीकडं गावातली रेडिओवाली फेव्रोन्या असते, तिच्याकडून गावच्या बातम्या. कुणाच्या गायीला जुळं झालं, कुणाचा दात पडला.

२९ नोव्हेंबर

उणे सत्तेचाळीस. वरच्या रांगेला गेल्याला सहा दिवस झाले. स्कीवर निघालं की पापण्या चिकटतात, काल गालाची कातडी पांढरी पडली. आज धिरडी केली, जाम उघडला, जुनी मासिकं वाचली. थंडी जरा मोडली की जाईन. एवढ्या थंडीत सापडलेलं जनावर तासाभरात गोठून मरतच असणार, उगाच जिवाला कशाला घोर.

५ डिसेंबर

आज गेलो. बाराव्या दिवशी.

सात सेबल, सगळे लाकडासारखे. दोघांचे पाय कुरतडलेले, स्वतःच कुरतडलेले. ते पोत्यात टाकले.

पंचविसाव्या सापळ्यात लिंक्स होता, बिबट्याएवढा नसला तरी मोठा रानबोका. सेबलच्या सापळ्यात त्याचा पुढचा पंजा अडकला होता. सापळ्याला बांधलेला ओंडका ओढत तो लार्चच्या दोन झाडांच्या बेचक्यात गुंतला होता. भोवतीचा बर्फ त्यानं चाटून मातीपर्यंत नेला होता, पोचता आलं तेवढी सगळी झाडं सोलून काढली होती. पोट पाठीला लागलेलं. जिवंत होता.

गुरगुरला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत होता. बंदूक मी खोपट्यातच ठेवली होती, थंडीत तिचा घोडा अडकतो. हातात काठी. लिंक्सला काठीनं मारायचं तर पार जवळ जावं लागतं. मी वीस पावलांवर उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. मग त्याला मोठ्यानं म्हणालो, उद्या बंदूक घेऊन येतो.

आणि वळलो.

१० डिसेंबर

दुसऱ्याच दिवशी वादळ. चार दिवस दार उघडता आलं नाही. आज बंदूक घेऊन गेलो.

लिंक्स नाही. त्यानं पाय तोडला असेल म्हणून पाहिलं, तर सापळा मिटलेला, साखळी गुंडाळलेली, आणि सगळं लार्चच्या फांदीला नीट टांगलेलं. हंगाम संपल्यावर आपण टांगतो तसं.

समोर वीस पावलांवर बर्फात माणसाच्या पायांचे ठसे होते. मऊ तळव्याच्या बुटांचे. माझे नव्हेत, मी स्कीवर होतो. एकाच जागी कुणी पुन्हा पुन्हा येऊन उभं राहावं तसे एकावर एक. मांडीइतका भुसभुशीत बर्फ, पण ठसे बोटभरसुद्धा खोल नव्हते.

पुढचे पाच सापळेही टांगलेले.

१४ डिसेंबर

आज वरची रांग पुन्हा बघून आलो. तिसाच्या तीस सापळे झाडांवर. मावशी नाही म्हणाली तरी तीच डोंगर उतरून माझी थट्टा करून गेली असेल, असं मनाला समजावत परतलो.

सकाळी निघण्याआधी रेडिओवर ती भेटली होती. मी हसत हसत विचारलं. ती म्हणाली, मी घर सोडून कुठं गेलेच नाही. मग लिंक्सचं सांगितलं.  

तिनं एवढंच विचारलं, पाठ फिरवलीस?

हो म्हटलं. तिनं या वेळी शिव्या दिल्या नाहीत. तिचा आजोबा सांगायचा म्हणे, रानात आणखी एकजण फेरी मारतो. त्याची रांग आपल्या आधीपासूनची आहे. जिवंत जनावर टाकून जाणाऱ्याचे सापळे तो स्वतः आवरतो. आणि आवरून झाले की ज्यानं लावले त्याला बघायला येतो. खालचे पन्नास आजच्या आज तू स्वतःच्या हातानं काढ, म्हणाली, त्याला काढू देऊ नकोस.

वरची रांग बघायला गेलो त्यात दिवस मावळला. खालचे उद्या.

१५ डिसेंबर

खालचे पन्नासही टांगलेले. शेवटचा खोपट्यापासून चाळीस पावलांवर.

१९ डिसेंबर

भर दुपारी लाकडं फोडत होतो. मान वर केली तर नदीच्या काठावर कुणीतरी उभं. बुटका, कातड्याचा जुन्या पद्धतीचा लांब कोट, टोपी पुढं ओढलेली, हात लोंबते सोडलेले. मी हाक मारली. हलला नाही. मला वाटलं कुणी वाट चुकलं. मग लक्षात आलं, उणे पन्नासात माझ्या तोंडापुढं ढग जमत होता आणि त्याच्या तोंडापुढं काहीच नव्हतं.

कुऱ्हाड निसटली. डाव्या पावलात, बूट फाडून, हाडापर्यंत.

रांगत आत आलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा तो पाठमोरा जात होता. सावकाश. काम झाल्यासारखा.

२० डिसेंबर

फेव्रोन्याला फक्त पायाचं सांगितलं. दुसरं काय सांगू? हेलिकॉप्टर या थंडीत उडत नाही, दहा-बारा दिवस कळ काढ, म्हणाली. जखमेत डिंक भरून चिंध्या बांधल्या. पाऊल टेकवता येत नाही.

२२ डिसेंबर

आला. दुपारीच. तिथंच उभा राहिला, वीस पावलांवर. बघितलं, गेला.

तिसरा दिवस.

२४ डिसेंबर

रेडिओ मुका झाला. बॅटरी छातीशी धरून ऊब दिली, तरी नाही.

पाऊल काळं पडतंय. वास येतो. मी बर्फ वितळवून पितो, खोपट्यात इकडून तिकडं सरपटतो. त्याला खिडकीतून हे सगळं दिसत असणार.

२५ डिसेंबर

आला. गोळी झाडली. वीस पावलांवरून मी खारीचा डोळा फोडतो. त्याच्यामागच्या झाडावरचा बर्फ पडला. तो तसाच उभा. दुसरी झाडली. तिसरी.

तो मला मारायला येत नाही. आता कळलं. जोर किती उरलाय ते बघायला येतो. जनावरात जोर असला की आपणही थांबतो — अजून एक फेरी, अजून एक —

२७ डिसेंबर

बाकाखालची फळी काढली तर आधीच्या शिकाऱ्याचा चाप सापडला. अस्वलाचा. मणभर वजन, दातेरी. उघडायला दोन दांडे लागतात. दिवसभर लागला मला. दारापुढच्या वाटेवर लावला, वर बर्फ भुरभुरला. कुणी येणार नाही, फेव्रोन्याच म्हणाली. जो येईल तो तोच.

जवळ येऊ दे.

२८ डिसेंबर

आला. वीस पावलांवर थांबला. वाटेकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

पुढं आला नाही.

३० डिसेंबर

ताप. लुकेर्या बोलते. विचारलंस का, विचारलंस का. चाप काढायला हवा, उगाच — पण बाहेर सरपटायचं म्हणजे — उद्या त्याचा दिवस. उद्यानंतर काढीन.

३१ डिसेंबर

कुत्री भुंकली. दिवस उजाडलेला. आधी वाटलं तापात —

चिरका. मग हाक. आहेस का रे भाच्या, नव्या वर्षाचा चहा टाक! मी ओरडलो. थांब, वाटेवर येऊ नको. आवाज फुटला नाही, नुसती हवा. भांडं घेऊन खिडकीवर आपटलं. तिला वाटलं मी हात हलवतोय. तिनंही हलवला.

लोखंडाचा आवाज.

गुडघ्याखाली धरलंय. दोन्ही हातांनी चाप ओढते, उघडत नाही. तो नुसत्या हातांनी उघडत नाही, दोन दांडे लागतात आणि दांडे आत माझ्याकडं. रेडिओवर चार दिवस माझं उत्तर आलं नाही म्हणून निघाली, एवढं तिच्या ओरडण्यातून कळलं. रडत नाही. मला शिव्या देते.

तो आलाय. त्याच जागी.

माझ्याकडं बघत नाहीये. तिच्याकडं बघतोय.

तिनं वळून पाहिलं त्याला. शिव्या थांबल्या. मग मला म्हणाली, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तशी, दार लावून घे कापितोन. खिडकीपासून लांब हो.

दांडे घेतलेत. बंदूक नको, दोन हात दांड्यांना लागतील. हे पटकन लिहितो, कुणाला सापडलं तर कळावं, चाप आगाफ्यानं नाही, त्यानंही नाही, मी लावला, मी कापितोन खुकोचार, आणि लिंक्सला —

हलला. पहिल्यांदाच पुढं आला. अठरा पावलं. पंधरा. चिरका भुंकायची थांबली.

मी दार