हळद लागलेली डिस्क

सोमवार, संध्याकाळ. दिवाळी तोंडावर.

दवाखान्याचा सर्व्हर आज अडलाच. जागा संपली. रोजच्या नोंदींचे लॉग साचत गेले. बॅकअप झाल्याशिवाय ते पुसायचे नसतात. अन् बॅकअपची डिस्क दसऱ्यापासून डॉक्टरसाहेबांच्या देव्हाऱ्यात! पूजेले नेली ती नेलीच. मागितली तर साहेबांच्या घरच्या मॅडम म्हणे, "जपून ठेवायचीच वस्तू आहे ना? मग देवाजवळच राहू द्या." मी हात हलवत परत आलो. तेव्हाच काहून नाही आणली?

आज आणून लावली. तिच्या वायर लावायच्या तोंडात हळद गेलेली. झाडली, फुंकली, पुसली. लाइट लागतच नाही.

बाहेर भरवेली गावची एक बाई नवऱ्याच्या रक्ताच्या रिपोर्टासाठी सकाळपासून बसून होती. "भाऊ, आज भेटन ना?" मी म्हटलं, हौ. साहेब ओरडले, "कुछ भी डिलीट कर, पर चालू कर!"

बॅकअप नसतानाच लॉग पुसले. सर्व्हर सुरू झाला, बाईले रिपोर्ट भेटला. जुना बॅकअप त्याच बंद डिस्कवर. आता हे मशीन बिघडलं तर सगळ्याच रोग्यांचे रिपोर्ट गेले. साहेबांले नव्या डिस्कचं विचारलं. "दिवाळी के बाद देखेंगे."

निघताना सर्व्हरले हात जोडले. बोटाले हळद तशीच होती.