पाडव्याला विचारायचे राहिले

बाभुळगाव, दि. ८ एप्रिल २०२५

चि. विमलला अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते.

यंदा वावर मक्त्याने दिले. आता माझ्याने होत नाही. मक्तेदाराने स्वतःचा माणूस आणला, त्यामुळे बाबूसिंगचा गुरांच्या कोठ्यातला मुक्काम संपला. एकोणतीस वर्षे तो आपल्याकडे सालगडी होता. बायको गेली, मूलबाळ नाही. दर पाडव्याला मी त्याला साल करतो का म्हणून विचारायचो. यंदा जीभच रेटली नाही. तो दिवसभर ओट्यावर बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी गाठोडे घेऊन यवतमाळच्या बसमध्ये बसला.

तुझ्या बेघर निवाऱ्यात आला तर ठेवून घे. फक्त घराण्याचे नाव कुठे येऊ देऊ नकोस. गावात तोंडे फार.

लोभ आहेच, तो टिकव.
तुझा दादा

यवतमाळ, दि. १३ एप्रिल २०२५

ती. दादास विमलचा सा. न. वि. वि.

बाबूसिंग तुझ्या पत्राच्या आधीच आला. रात्री बेघरांची पाहणी करणाऱ्या आमच्या पायलने त्याला एसटी स्टँडवरून आणले. मला पाहताच तो माघारी वळला. ताईच्या दारात कायले मालकाची शोभा करू, म्हणाला. कसाबसा थांबवला.

इथे बत्तीस खाटा आहेत. बेघर होण्याचे कारण प्रत्येकाच्या नावापुढे लिहावे लागते. दारू, सून, आग, आजार. कोणी काय सांगेल ते मी लिहिते आणि पुढच्याला बोलावते. बाबूसिंग म्हणाला, लिवा, म्हातारा झालो. मी लिहिले, मालकाने साल मोडले, आणि मालकाच्या रकान्यात तुझे नाव. तो हात जोडून नको म्हणत होता.

तुझे नाव लिहिताना मला लाज वाटली, दादा. पण खोडणार नाही. ठीक वाटले तर येऊन त्याला भेट.

वहिनीला नमस्कार. राग ओसरल्यावर आशीर्वाद असू द्यावा.
तुझी विमल

बाभुळगाव, दि. ५ मे २०२५

चि. विमलला आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही असे लिहिणार होतो, पण वहिनी खोटे लिहू देत नाही. जेवलो, संतापून. तिने पत्र वाचले आणि यात चूक काय ते दाखवा म्हणाली. मग मी मागची खोली रिकामी केली, चुना मारला आणि शनिवारी यवतमाळला आलो. तू नगरपालिकेच्या बैठकीला गेली होतीस.

बाबूसिंगने मला खाटेवर बसवले आणि स्वतः खाली बसला. मी म्हणालो, खोली केली, काम नको करू, चल. त्याने पाणी आणून दिले. मग शांतपणे म्हणाला, पाडवा तं गेला मालक, साल काही वैशाखात इचारत नाही. म्होरच्या पाडव्याले या, इचारा, मंग सांगतो.

पुढचा पाडवा एकोणीस मार्चला आहे. मी येईन. माझे नाव खोडू नकोस.

परतीच्या बसमध्ये एक गोष्ट मनातून जाईना. एकोणतीस पाडवे त्याने हो म्हटले. त्याला नाही म्हणता येते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. या वेळी मला त्याच्या उत्तराची भीती वाटते.

त्याची काळजी घे, आणि माझ्यावरचा लोभ जमेल तितका राहू दे.
तुझा दादा