मिटत न्हाय असा चाकू

मंगळवार, सांजवेळ

परवा वडप्याच्या गोडाऊनच्या रस्त्यावर कुणीतरी माझ्या गळ्यातल्या पोतीला हात घातला. तवापासून एकटीनं घरी यायचं भ्या वाटतं. म्हणून आज नाक्यावरच्या लोहारणीकडं स्वस्तातला चाकू बघितला. मिटणारा नको, घाईत उघडत कोण बसणार? अखंड पात्याचा हातात बरा बसला.

ती म्हणाली, "मावशी, समजा मी चोर. आणा तो चाकू."

हातात चाकू दिला की भांडण होतं. मी सवयीनं तिच्यापुढं खाली ठेवला.

"वा! चोराचं काम सोपं केलंत!"

राग आला. पण ठेवला ना मीच?

चाकू विकायचा सोडून तिनं गोडाऊनातनं ड्युटी सुटलेल्या बायांना हाक मारली, "मावशीला घरी सोडा गं!" भलं होवो तिचं. बाया एवढ्या बडबड्या, वाटेत भ्यायला फुरसदच गावली न्हाय.